चॅनेलला साधा वायसर नको, तिरका घ्या

गुहागरच्या शेडच्या चॅनेलवरचे बोल्ट सारखे ढिले होतात म्हणताय, आणि वर कुणीतरी दोन साधे वायसर एकावर एक टाकायला सांगितलंय. अहो, दोन टाका नाहीतर चार, उतार तसाच राहणार. चॅनेल म्हणजे 'C' आकाराचा लोखंडी सेक्शन; त्याच्या फ्लँजची, म्हणजे आडव्या पट्टीची, आतली बाजू सपाट नसते, उतरती असते. नटाखाली हॅकसॉचं पातं सरकवून बघा, एका बाजूने आरामात जाईल. म्हणजे नट एका कडेवर टेकलाय आणि बोल्ट वाकतोय.

आपल्याकडच्या चॅनेलचा उतार 6 अंश, आयबीमचा ('I' आकाराच्या बीमचा) 8. म्हणून टेपर, म्हणजे तिरके, वायसरही वेगळे: भारतीय मानकाप्रमाणे चॅनेलचा आयएस 5372, बीमचा 5374. दुकानदार 'एकच चालतो हो' म्हणेल, ऐकू नका. समांतर फ्लँजच्या नव्या सेक्शनला मात्र हे लागतच नाहीत.

बसवताना जाड बाजू फ्लँजच्या मोकळ्या कडेकडे, पातळ बाजू वेबकडे, म्हणजे मधल्या उभ्या पट्टीकडे. देवगडला आंब्याच्या शेडवर आमच्या पोराने घाईत चार उलटे बसवले होते. उतार दुप्पट झाला, सगळे खोलावे लागले. हा चौकोनी टेपर वायसर आवळताना फिरतो, तेव्हा जमेल तर पाना सपाट बाजूने, म्हणजे टेपर वायसर नसलेल्या टोकाला, लावून आवळा.

आणि खारा वारा आहे, तर बोल्ट, नट, वायसर तिन्ही हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले, घ्या. चकचकीत दिसतो म्हणून मध्येच स्टेनलेसचा वायसर घालू नका, शेजारचं जस्त आधी खाल्लं जातं.