दुसऱ्या भेटीला नागपुरात कुठे जावे? (खर्च ८०० रुपयांच्या आत)

उशिरा_उठणारा
नमस्कार. चार वर्षांचे नाते मोडले, त्याला आठ महिने झाले. गेल्या रविवारी एका मुलीला धरमपेठेत कॉफीसाठी भेटलो. अर्धा तास बसायचे ठरले होते, उठलो अडीच तासांनी, आणि उठताना पुढच्या वेळी कुठे, हे तिनेच विचारले. आता शनिवारची भेट मला ठरवायची आहे. दोघांचा मिळून खर्च ८०० रुपयांच्या आत हवा, तिला तिखट सोसत नाही, आणि फुटाळा तलाव नको, कारण तिथे माझ्या जुन्या आठवणी ठाण मांडून बसल्या आहेत. चित्रपटही नको; तीन तास अंधारात गप्प बसायला कशाला भेटायचे?

महालचा_जुना
फुटाळ्याला जावे. डिसेंबरातल्या संध्याकाळी तिथल्यासारखी हवा शहरात कुठेही नसते.

उशिरा_उठणारा
काका, फुटाळा नको असे वरच लिहिले आहे.

हिंगण्याचा_हौशी
सरळ पेंचला न्यावे. मी माझ्या सौभाग्यवतींना लग्नाआधी स्वतःच्या गाडीने नेले होते, रिसॉर्टमध्ये जेवण आणि पहाटेची सफारी असा सगळा बेत होता. वाघ दिसला नाही, पण लग्न झाले. ८०० रुपये पेट्रोललाच लागतील, मात्र अशा वेळी माणसाने हात आखडता घेऊ नये.

गोकुळपेठची_ताई
एकदाच भेटलेल्या मुलीने पहाटेच्या अंधारात तुमच्या गाडीत बसून जंगलात यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे, भाऊ. जागा अशी निवडावी की कंटाळा आला तर दोघांपैकी कोणालाही तासाभरात सहज निरोप घेता यावा आणि रंगत आली तर भेट लांबवता यावी. गांधीसागराजवळचे रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे, पण शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेली मोठी माणसे मला फारशी भेटत नाहीत. तिथे हाताने फिरवून पाहण्याजोगी उपकरणे आहेत, त्यामुळे बोलण्यासाठी विषय शोधावे लागत नाहीत. तारांगणाचा खेळ मात्र शेवटी ठेवावा, नाहीतर तुमची अंधाराची तक्रार तिथेही उभी राहील.

वर्धारोडवाला
माझा अनुभव ऐका आणि तसे करू नका. दुसऱ्या भेटीला मी एकीला हौसेने सावजी मटण खायला नेले होते. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहू लागले, तिने रुमाल मागितला, आणि मी खिशातून जो काढून दिला त्याने सकाळीच गाडीची साखळी पुसली होती. तिच्या गालावर काळा पट्टा उमटला, तो मला दिसत होता, पण सांगण्याचे धैर्य झाले नाही. घरी जाऊन आरसा पाहिल्यावर तिने माझा फोन घेतला नाही, तो आजतागायत.

महालचा_जुना
सावजी म्हणजे नुसते तिखट, हा गैरसमज आहे. हलबा कोष्टी समाजाच्या या रश्शाचा जीव खड्या मसाल्यात आहे. हल्ली लोक तेलावर तिखटाचा लाल थर देतात आणि त्याला सावजी म्हणतात.

वर्धारोडवाला
काका, त्या दिवशी पानात जे होते ते तिखटच होते.

सिव्हिल_लाइन्स
अजब बंगला पाहावा. १८६३ चे संग्रहालय आहे, तिकीट किरकोळ असते, दालनांतून सावकाश चालता येते. फक्त सोमवारी जाऊ नये, बंद असते. मी एकदा सुट्टी काढून गेलो आणि कुलूप पाहून परतलो. शनिवारी जाणार असल्याने याचा तुम्हाला उपयोग नाही, पण मनात सल आहे.

हिंगण्याचा_हौशी
संग्रहालयात नेऊन कोणी प्रेमात पडते काय?

गोकुळपेठची_ताई
वाघ न दाखवताही पडतात, हे आपणच वर लिहिले आहे. विचारणाऱ्याला एक सांगते : जुन्या नात्याचा विषय निघाला तर दोन वाक्यांत खरे सांगून पुढे जावे. मला एकाने पहिल्या भेटीपासून अखेरच्या भांडणापर्यंत सगळे तारीखवार ऐकवले होते. तोवर माझी कॉफी निवून तिच्यावर साय धरली होती. आणि जागा ठरवण्यापूर्वी तिलाही विचारावे.

उशिरा_उठणारा
ताई, विचारले. जन्म नागपुरात होऊनही तिने कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे ढीग कधी पाहिलेले नाहीत, आणि मीही नाही. म्हणून सकाळी सातला कळमना, नंतर तर्री न घातलेले पोहे, आणि परतताना संत्र्यांची एक पिशवी, असा बेत केला आहे. उशिरा उठण्याची सवय असल्याने तीन गजर लावले आहेत.

सिव्हिल_लाइन्स
तिथे ट्रक, चिखल आणि हमालांची घाई असते. चांगले जोडे घालून जाऊ नये.

महालचा_जुना
सध्या आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीची, संत्री आहेत, जरा आंबटच निघतील. गोड हवी असतील तर मृग बहर, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरचे पीक, येईपर्यंत थांबावे. तोवर फुटाळा आहेच.