टिलर पिकअपमध्ये चढवणे, आणि कडक जमिनीत मारतो ती उसळी

परसदार
७ एचपीचा पेट्रोल टिलर (फिरत्या पात्यांनी माती खणायचं मशीन) आहे. पाती मागे, दोन रबरी चाकं, रिव्हर्स गिअर आहे, वजन साधारण ८५ किलो. पिकअपच्या हौद्याची उंची ७५ सेंमी आणि हाताशी दीड मीटरच्या दोन फळ्या. इंजिन चालू ठेवून चढवायचा की दोघांनी ढकलायचा? आडवा पाडून नेला तर चालेल? दुसरं म्हणजे, कडक जमिनीत तो खणायच्या ऐवजी पुढे उसळतो. हँडल दाबून धरायचं का?

ढेकूळफोड्या
आधी उसळीचं बघू. तुमची पाती चाकांच्याच दिशेने फिरत असणार. माती कडक असली की पाती आत शिरत नाहीत, वरच्या वर चाकासारखी धावतात. त्यात हँडल दाबलंत तर पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, आणि मशीनला रोखून धरणारी पकड तर त्या चाकांचीच असते. म्हणजे दाबल्याने उसळी वाढते.

पहिली पाळी ४-५ सेंमीच घ्या, खोलीचा दांडा तसा लावून. दुसरी आडवी मारा आणि थोडं खोल जा. १५ सेंमी तिसऱ्या पाळीत सहज मिळतात. जमीन दगडासारखी असेल तर आधी पाणी द्या आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी होईपर्यंत, थांबा. मुठीत माती दाबा: गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटला तर चालवा, बोटाला चिकटला तर नको. ओल्यात मारलेल्या जमिनीची नंतर जी ढेकळं होतात ती फोडायला वेगळा दिवस काढावा लागतो.

उसळलाच तर हँडलवरचा क्लच लिव्हर सोडा. मशीनला लटकू नका, मागे धावू नका. आणि हात दुखतो म्हणून क्लच लिव्हरला सुतळी गुंडाळून ठेवण्याचा शहाणपणा कुणी करू नये. लिव्हर सुटला की पाती थांबतात, ही त्या मशीनमधली सगळ्यात मोठी सोय आहे.

पानापक्कड
फळ्या बदला. ७५ सेंमी उंचीला दीड मीटरची फळी म्हणजे बरोबर ३० अंशांचा चढ, त्यावर ८५ किलो कुणी सांभाळू शकत नाही. हौद्याच्या उंचीच्या चौपट लांबी धरा, म्हणजे ३ मीटर. चढ १५ अंशांच्या आत राहतो. वरच्या टोकाला हूक हवा. शिवाय रॅम्प (म्हणजे चढाच्या या फळ्या) साखळीने गाडीला बांधा, कारण चाक रेटा देतं तेव्हा रॅम्प मागे सरकतो आणि मशीन मध्येच खाली येतं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून.

चढवताना पाती बंद, सगळ्यात खालचा गिअर, इंजिन हळू. चढताना पुढच्या गिअरमध्ये, उतरवताना रिव्हर्समध्ये. दिशा खालीच सरळ करून घ्या. रॅम्पवर गिअर बदलायचा नाही आणि वळवायचा क्लच असेल तर त्याला हात लावायचा नाही.

ढेकूळफोड्या
यात एक भर. इंजिनवर चढवताना चालवणारा मशीनच्या खालच्या बाजूला असतो. म्हणून तो बाजूला सरकून चालला तर बरं, आणि रॅम्पच्या रेषेत दुसरं कुणी नको. हौद्यात पुढे विंच (दोर गुंडाळून वजन ओढणारी चरखी) असेल तर इंजिन बंद करून ओढून घेणं माझ्या मते जास्त चांगलं.

पानापक्कड
मान्य, विंच असेल तर तेच करा.

आडवा मात्र नेऊ नका. क्रँककेसमधलं (इंजिनच्या खालच्या पेटीतलं) ऑइल सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये उतरतं. मग इंजिन सुरू करायची दोरी अडते, आणि जोर लावून ओढली तर स्टार्टर तुटतो. तसं झालंच तर इग्निशन बंद करा, स्पार्क प्लग काढा, दोरी पाच-सहा वेळा हळू ओढा (छिद्रासमोर तोंड नको), प्लग पुसून बसवा. फोमचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, कागदी भिजला असेल तर नवा टाका. सुरू झाल्यावर थोडा वेळ धूर येईल, घाबरू नका.

नेताना उभाच ठेवा. पेट्रोल कॉक बंद, इंजिन थंड. पातींखाली फळी, चाकांना ओंडके, आणि चार बेल्ट: दोन पुढून, दोन मागून, चारही चेसिसला. हँडलला बेल्ट ताणला की हँडल वाकतं आणि केबल दबते. ४-५ किलोमीटरवर थांबून बेल्ट पुन्हा आवळा, धक्क्यांनी ते सैल होतातच. पेट्रोलचा कॅन भरायचा तर हौद्यातून खाली जमिनीवर ठेवून भरा.

परसदार
३ मीटरचे रॅम्प बघतो. पातींत तार किंवा मुळं गुंतली तर रिव्हर्स मारून सुटतात का?

ढेकूळफोड्या
सुटत नाहीत, अजून आवळतात. आणि रिव्हर्समध्येच पाय पातींखाली जायची भीती सगळ्यात जास्त, कारण मशीन तुमच्याकडे येत असतं. मागे भिंत किंवा झाड असेल तर रिव्हर्स घेऊच नका.

इंजिन बंद करा, पाती थांबू द्या, प्लगची कॅप काढून बाजूला वळवा, मग कटरने कापा. कॅप काढायचं कारण साधं आहे: गरम इंजिनमध्ये हाताने पाती फिरवताना एखादा स्ट्रोक पेटू शकतो. पातींच्या मुळाशी ऑइल सीलजवळ (गिअर ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याजवळ) गुंडाळलेली तार शोधून काढा. ती राहिली तर सील कापते आणि गिअर ऑइल गळतं.

पानापक्कड
गाडीतून उतरवल्यावर आणखी एक. हँडल दुमडून आणलं असेल तर केबल मुडपलेली नाही ना बघा. मुडपलेली केबल लिव्हर सोडल्यावरही अर्धी ताणलेली राहते आणि पहिल्याच दोरीला पाती फिरू लागतात. इंजिन लावण्याआधी लिव्हर दोन-तीनदा दाबून सोडा, तो खटकन पूर्ण परत आला पाहिजे.

परसदार
हे माहीत नव्हतं. माझं हँडल दुमडायचंच आहे, आता केबलची क्लिप सैल करूनच दुमडेन.