नासेर हेजाझी कोच म्हणून कसा होता?

पेठेतला_गोली: मंडळी, 2018 च्या वर्ल्डकपला बेरानवंदने रोनाल्डोची पेनल्टी अडवली तेव्हापासून मी इराणच्या गोलकीपरांच्या मागे लागलोय, शोधत शोधत नासेर हेजाझीपर्यंत आलो. 1978 च्या वर्ल्डकपला स्कॉटलंडला 1-1 रोखलं तेव्हा गोलमध्ये तोच होता हे कळलं, पण नंतर कोच म्हणून काय केलं? मी कोल्हापुरात पेठेच्या टीमचा गोली आहे आणि आमच्याकडे सगळे म्हणतात गोलीला डावपेचातलं काय कळतंय, ते मनाला लागतं म्हणून विचारतोय.

आझादी_स्टँड: अरे त्याचं कोचिंग सुरू झालं ते ढाक्यात! क्रांतीनंतर इराणमध्ये 27 च्या वरच्या खेळाडूंना नॅशनल टीमचं दार बंद केलं, हेजाझी तेव्हा तिशीत, गोलकीपरचं खरं वय तेच असतं ना. मग 80 च्या दशकात तो ढाक्याच्या मोहामेडन क्लबला गेला आणि तिथे कोच झाला. आशियाई क्लब स्पर्धेत याच मोहामेडनने पर्सेपोलिसला 2-1 हरवलं. आता बघ, हा माणूस तेहरानच्या ताज क्लबचा, म्हणजे आत्ताच्या इस्तेगलालचा, क्रांतीनंतर मुकुटाचं नाव गेलं आणि 'स्वातंत्र्य' आलं. पर्सेपोलिस म्हणजे त्यांचे लाल शर्टवाले कट्टर वैरी, आणि त्यांना हरवलं ते बांगलादेशातली टीम घेऊन. मला हे त्याच्या खेळाडू म्हणून जिंकलेल्या आशिया कपांपेक्षा मोठं वाटतं.

रविवारची_मॅच: +1, पण इस्तेगलालचं पण सांगा की. 1997-98 ची लीग त्यांनी हेजाझी कोच असताना जिंकली, मग आशियाई क्लब स्पर्धेच्या फायनलला पोचले, एप्रिल 1999, आझादी स्टेडियम, एक लाखाच्या वर पब्लिक आणि समोर जपानची जुबिलो इवाता. 1-2 हरले. घरच्या मैदानावर अशी फायनल हातातून गेली की कोचला किती लागत असेल. तरी फायनलपर्यंत टीम नेली ना, ते कोणी विसरू नये.

आझादी_स्टँड: बरोबर. आणि माणूस गप्प बसणारा नव्हता, 2005 ला राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला होता, तो बाद केला. 2011 च्या मे महिन्यात फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला, 61 वर्षांचा होता फक्त.

पेठेतला_गोली: ढाक्याचं काहीच माहीत नव्हतं, वाचून अंगावर काटा आला. गोलपोस्टमधून सगळं ग्राउंड समोर दिसतं, आमचा लेफ्ट बॅक पुढे गेला की मागे केवढी मोकळी जागा पडते ते आधी मलाच दिसतं, मी ओरडून सांगतो पण मैदानात ऐकायला जात नाही. रविवारी कोचना मॅचच्या आधीच सांगून बघतो.