एकटा मॅगपाय (कावळ्याच्या कुळातला काळा-पांढरा पक्षी) दिसला की सलाम का ठोकतात?

इंग्लंडमधे राहणारी माझी मैत्रीण व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता एकदम खिडकीबाहेर बघून सलाम करते आणि म्हणते, गुड मॉर्निंग मिस्टर मॅगपाय, बायको कशीये? मी म्हटलं बाई बरी आहेस ना! हा काय प्रकार आहे?

पानगळ: तिकडे जुनी समजूत आहे, एकटा दिसला तर दुःख, दोन दिसले तर आनंद. म्हणून बायकोची चौकशी, म्हणजे हा एकटा नाहीये, जोडीदारीण इथेच कुठेतरी आहे असं धरून चालायचं 😄 असे किती मॅगपाय दिसले ते मोजत म्हणायचं गाणं साधारण 1780 पासून लिखित सापडतं, तेव्हा चारच ओळी होत्या, सहा दिसले तर सोनं, सात दिसले तर गुपित या ओळी नंतर आल्या.

उंडगा: कोरियात बरोब्बर उलटं, सकाळी हा घराजवळ ओरडला तर चांगला पाहुणा येणार. आपल्या कावळ्यासारखंच की! आणि चीनमधे सातव्या महिन्याच्या सप्तमीला हेच पक्षी आकाशगंगेवर पूल बांधतात, ताटातूट झालेल्या गुराखी आणि विणकरणीला वर्षातून एकदा भेटवायला.

मूळ प्रश्नकर्ती: अय्या कसलं गोड! पण हे चमकदार वस्तू चोरतात म्हणे?

पानगळ: उगाच बदनामी. एक्सेटर विद्यापीठाने 2014 मधे दाण्यांशेजारी चकचकीत स्क्रू, अंगठ्या ठेवून बघितलं तर हे उलट बिचकले, खाणंच कमी केलं.

उंडगा: आणि आरशात स्वतःला ओळखतो तो, गळ्यावर लावलेला ठिपका आरशात बघून पायाने खरवडून काढत होता, 2008 चा प्रयोग. बाकी मैत्रिणीला सांग, सलाम चालू ठेव, फुकटच आहे.