ओढ्यात सोडण्यापूर्वी पावसाचे पाणी कसे आणि किती गाळावे? (सांगली, काळी जमीन)

मिरजरस्ता_साइट यांचा प्रश्न

नमस्कार. सांगली–मिरज रस्त्याच्या आतल्या बाजूस सुमारे दोन एकरांवर उभ्या राहणाऱ्या एका गृहप्रकल्पाचे स्थापत्यकाम मी पाहतो. जमीन काळी, उतार नावापुरता आणि मागच्या हद्दीला लागून ओढा, जो पुढे कृष्णेला मिळतो. मंजूर आराखड्यात सगळ्या पावसाळी गटारांचे तोंड सरळ ओढ्यात काढलेले आहे. नियमाला धरून ते चुकीचे नाही, तरीही मला खटकते. मागच्या मे महिन्यात वळवाची पहिली सर झाली, तेव्हा शेजारच्या राहत्या वसाहतीतून ओढ्यात उतरलेले पाणी मी पाहिले. ते काळपट होते, त्यावर तेलाचा तवंग होता आणि सोबत गुटख्याच्या पुड्यांचा थर वाहत होता. तासाभराने तेच गटार बऱ्यापैकी स्वच्छ वाहू लागले.

छपरे, काँक्रीटचे रस्ते आणि पार्किंग मिळून आमच्याकडे जवळपास ५,००० चौरस मीटर पक्के क्षेत्र होईल. एक विक्रेता म्हणतो की शेवटच्या चेंबरमध्ये जाळीचा फिल्टर बसवला की काम झाले. मालकांना ते पटले आहे, मला नाही. नेमके किती पाणी अडवावे, काळ्या जमिनीत शोषखड्डे चालतील का आणि कृष्णेला पूर आल्यावर ओढ्याचे पाणी उलटे आत येते त्याचे काय करावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

निवृत्त_ओव्हरसिअर यांचे उत्तर

तुम्ही तासाभराच्या अंतराने जो फरक पाहिला, त्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. दिवाळीपासून वैशाखापर्यंत रस्त्यावर साचलेली धूळ, टायरची झीज, ब्रेकमधून सुटणारे तांबे, पत्र्यांवरचे जस्त, गळलेले ऑइल आणि जनावरांची घाण हे सारे पहिल्या काही मिलिमीटर पावसात धुऊन निघते. आपल्याकडे हा मान मृगाच्या पावसाआधी वळवालाच मिळतो, आणि नेमके त्याच वेळी नदीत पाणी सर्वांत कमी असल्याने ते विष पातळ होत नाही. म्हणून सगळा पाऊस गाळण्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक पावसाचे सुरुवातीचे पाणी धरायचे आणि पुढचे जोराचे पाणी बाजूने सोडून द्यायचे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमच्या ५,००० चौरस मीटरपैकी छपरे अंदाजे २,००० धरली, तर ते पाणी तुलनेने स्वच्छ असते, त्याची वाट वेगळी ठेवा. (२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडांना पर्जन्यजल संकलन सक्तीचे आहे, त्यामुळे ती टाकी तुम्हाला करावी लागणारच.) उरलेल्या ३,००० चौरस मीटरचे पहिले १५ मिलिमीटर धरायचे, तर ४५ घनमीटर, म्हणजे ४५,००० लिटर होतात. एक फूट खोल पाणी उभे राहील अशी सखल बाग केली, तर तिला सुमारे १५० चौरस मीटर जागा पुरते. मोकळ्या जागेत तेवढे सहज बसते. फक्त बाग रस्त्यापेक्षा खाली हवी आणि रस्त्याच्या कर्बला, म्हणजे कडेच्या उंच काठाला, जागोजाग खिंडारे ठेवायला हवीत. आपले ठेकेदार बागेत मातीचा ढीग टाकून ती रस्त्यापेक्षा वर उचलतात, आणि मग बागेतलाच चिखल पार्किंगमध्ये उतरतो.

जाळीच्या फिल्टरविषयी स्पष्टच सांगतो. पुड्या, पाने आणि बाटल्या त्यात अडकतात, आणि तेवढ्यासाठी तो जरूर बसवा. पण जड धातू आणि स्फुरद बारीक कणांना चिकटून जातात, आणि ते कण जाळीतून आरामात पार होतात. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर पाण्यातून दोनेक मिनिटांत तळाला बसतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या कणाला तीन-साडेतीन तास लागतात, तर आपल्या काळ्या मातीतला चिकणा अंश दिवसेंदिवस तरंगत राहतो. त्यामुळे आधी गाळ बसण्यासाठी एक टाके, ज्यात माणूस उतरून फावड्याने गाळ काढू शकेल, आणि त्यापुढे वाळूमिश्रित थरातून पाणी झिरपवणारी बाग, अशी जोडी ठेवा.

काळ्या जमिनीत नुसता शोषखड्डा करू नका. उन्हाळ्यात भेगाळलेली ती जमीन पहिले पाणी गटागटा पिते, मग फुगते आणि जवळजवळ बंद होते. शिवाय पायाजवळ ती ओली-सुकी होत राहिली, तर भिंतींना तडे जातात. बागेच्या तळाशी खडीत छिद्रांचा पाइप घाला, म्हणजे गाळलेले पाणी पाइपातून निघेल आणि जमिनीच्या मर्जीवर तुम्ही अवलंबून राहणार नाही.

पुराबाबत बोलायचे तर सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. तशा पुरात कोणतीही बाग टिकाव धरणार नाही, ते सोडून द्या. नेहमीच्या फुगवट्यासाठी मात्र गटाराच्या मुखाशी ओढ्याचे पाणी आत येऊ न देणारी उलट झडप बसवा आणि बागेचा तळ ओढ्याच्या नेहमीच्या पावसाळी पातळीच्या वर ठेवा.

शेवटचे म्हणून सांगतो, पण महत्त्वाने मात्र कमी नाही. लोक राहायला आल्यावर एप्रिलमध्ये, चार-सहा आठवडे पाऊस नसताना, पावसाळी गटाराची झाकणे उघडून पाहा. आत पाणी वाहत असेल, तर ते पावसाचे नव्हे. कोणीतरी मोरीचा किंवा सेप्टिक टँकचा पाइप त्यात जोडलेला असतो. शहराचे सांडपाणी कृष्णेत नेण्यासाठी बदनाम झालेल्या शेरीनाल्याची कहाणी सांगलीकरांना सांगायला नको.

माहुलीकर यांचे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे. साताऱ्याकडून एक भर घालतो. सगळे जण राहत्या वसाहतीचे बोलतात, पण सर्वाधिक गाळ बांधकाम चालू असतानाच जातो. अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या उतारावर आमचे काम होते. मे महिन्यात पायाची माती कडेला टाकून ठेवली आणि ‘जूनच्या आधी उचलू’ असे मीच म्हणालो. एका संध्याकाळच्या वळवाने ती खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन घातली. भरपाई द्यावी लागली ती वेगळीच, पण त्या गृहस्थांसमोर उभे राहण्याची लाज अधिक वाटली.

तेव्हापासून मातीचा ढीग ताडपत्रीखाली, खालच्या अंगाला चर आणि दगडांचा बंधारा, आणि फाटकापाशी ट्रकच्या चाकांची माती झडावी म्हणून मोठ्या खडीचा पट्टा, एवढे केल्याशिवाय आम्ही खोदाई सुरू करत नाही. काँक्रीट मिक्सर धुतलेले पाणीही ओढ्यात जाऊ देऊ नका. ते तीव्र अल्कधर्मी असते आणि माशांना मारक ठरते. प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात ते सोडावे, सुकल्यावर उरलेला गोळा भरावात टाकता येतो.

मिरजरस्ता_साइट

दोघांचेही मनापासून आभार. मालकांना ४५ घनमीटरचा हिशेब दाखवला, तेव्हा त्यांनी दोन शंका काढल्या. आवारात एक कोरडी बोअर आहे, तर पार्किंगचे पाणी तिच्यातच का सोडू नये? आणि बागेत पाणी साचल्यावर डास होतील, त्याची जबाबदारी कोणाची?

पाणीतपासणी यांचे उत्तर

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पार्किंगचे पाणी बोअरमध्ये कदापि सोडू नका. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून फिरते, तिथे मातीसारखी गाळणी नसते, त्यामुळे तुमचे ऑइल आणि जंतू शेजाऱ्याच्या बोअरमधून वर येऊ शकतात. बोअरमध्ये फक्त छपराचे पाणी जावे, तेही पहिल्या सरींचे पाणी वळवून आणि वाळू-खडीतून गाळूनच.

डासांच्या अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठवडाभर किंवा थोडे अधिक दिवस लागतात. बाग दोन दिवसांत रिकामी होत असेल, तर भीती नाही. तिसऱ्या दिवशीही पाणी दिसले, तर वरचा थर गाळाने बंद झाला असे समजून दोन-तीन इंच खरवडून बदलावा. याउलट गाळाच्या टाक्यात पाणी कायम उभे राहते, त्यामुळे त्याला घट्ट झाकण हवे. झाडांमध्ये वाळा आणि कर्दळ लावा, कारण ती चार दिवस पाण्यात आणि चार महिने कोरड्यात तग धरतात. लॉन लावाल तर खतासाठी माळी दर महिन्याला युरिया टाकेल, आणि आपण जे अडवायला बसलो तेच ओढ्यात जाईल.

मिरजरस्ता_साइट

बोअरचा विषय मिटला. मालकांनी बागेला होकार दिला आहे, मात्र पार्किंगच्या सहा जागा कमी होतात म्हणून १५० ऐवजी १२० चौरस मीटरवर ते अडून बसले आहेत. पाण्याची खोली वाढवण्याऐवजी मागच्या बाजूच्या काही पार्किंगखाली काँक्रीट न घालता मुरूम-खडीवर सांधे मोकळे ठेवलेले पेव्हर ब्लॉक बसवले, तर पक्के क्षेत्र तेवढेच कमी होईल, असा विचार करतो आहे. काळ्या जमिनीवर असे पेव्हर कोणी बसवले असतील, तर दोन पावसाळ्यांनंतर ते कितपत खचले, एवढे कृपया कळवावे.