रेकॉर्डमध्ये हार जास्त, म्हणून आपला बॉक्सर वाया गेला का?

गोदाकाठ (परभणी):
आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी बॉक्सरेकचा, म्हणजे बॉक्सरांच्या लढतींची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटचा, एक स्क्रीनशॉट टाकला. आपल्याच भागातून व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये गेलेल्या एका मुलाचा. नाव मुद्दाम लिहीत नाही. जिंकलेल्या लढतींपेक्षा हरलेल्या जास्त. खाली शेरा: "शाळेत असताना राज्याचं पदक आणलं आणि पुढं सगळं मातीत घातलं." त्यावर भराभर अंगठे.

मला हे अजिबात मान्य नाही. हौशी स्पर्धेत समोर कोण येणार ते ड्रॉ, म्हणजे चिठ्ठी, ठरवते. व्यावसायिक कार्डावर, म्हणजे एका कार्यक्रमातल्या लढतींच्या यादीत, ते प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, ठरवतो. ज्याची तिकिटं खपतात, ज्याच्यामागं प्रायोजक आहे, त्याच्या सोयीनं लढत बांधली जाते. समोरच्या कोपऱ्यात बसवायला कुणीतरी लागतो. त्याला ऐनवेळी फोन येतो, तो उपाशीपोटी वजन उतरवत रात्रभर प्रवास करतो, दुसऱ्याच्या गावात दुसऱ्याच्या प्रेक्षकांसमोर उतरतो. तिथं अटीतटीची फेरी पंच कुणाच्या बाजूनं देतात हे रिंगजवळ बसलेल्या कुणालाही विचारा. आपला मुलगा कायम त्या कोपऱ्यातून खेळलाय. बहुतेक हारी गुणांवर आहेत, शेवटच्या घंटेपर्यंत उभं राहून.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचा पीटर बकली होता. १९८९ ते २००८ या काळात ३०० लढती. विजय ३२, बरोबरी १२, पराभव २५६. नसीम हमीदसारखे पुढं विश्वविजेते झालेले बॉक्सर त्याच्याशी लढून शिकले. तिथले जाणकार त्याला वाया गेलेला म्हणत नाहीत. कसबी माणूस म्हणतात.

तालीमवाला_बीड:
दादा, तुमची तळमळ कळते, पण बकलीचं उदाहरण इथं लागू पडत नाही. त्याच्या देशात परवाना देणारं, वैद्यकीय तपासणी सक्तीची करणारं एक जुनं मंडळ आहे आणि आठवड्यागणिक कुठं ना कुठं कार्ड असतं. हरूनही त्याचं घर चाललं. आपल्याकडं वर्षात किती कार्डं होतात? चार फेऱ्यांच्या लढतीचं मानधन प्रवास, खुराक आणि कोचमध्ये जातं. मग उरतं काय?

आमच्या पाटोद्याचे राहुल आवारे बघा. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीत ५७ किलोत सुवर्ण, पुढं पोलीस दलात उपअधीक्षक झाले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर फौजेत गेले, सियाचीनला राहिले आणि स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, धावायला लागले ते फौजेतच. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. फौजेत बॉक्सिंगची मोठी परंपरा आहे. राज्याचं पदक असलेल्या पोरानं भरतीचं वय या लढतींत घालवलं, हे बापाला विचारा काय असतं ते. बॉक्सर विजेंदर सिंगचं नाव घेऊ नका. तो २०१५ मध्ये व्यावसायिक झाला तेव्हा २००८ चं बीजिंगचं ऑलिंपिक कांस्य गळ्यात होतं.

रिंगसाईड_संभाजीनगर:
तालीमवाला, मी स्वतः हौशीत खेळलोय, म्हणून बोलतो. एका वजनगटात राज्यातून राष्ट्रीय स्पर्धेला जातो एकच. दुसऱ्या नंबरचा पोरगा घरी. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी लहानपणीच निवड झाली तर ठीक, नाही तर वयाच्या विशी-बाविशीत तुमच्या हातात प्रमाणपत्रांची फाईल असते आणि ती पडताळणीला घेऊन फिरायचं. आमच्याकडं गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आहे, साईचं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे. हिंगोली-परभणीच्या पोरानं कुठं जायचं? त्याला रिंगमध्ये उतरायची दुसरी संधी व्यावसायिक बॉक्सिंगनंच दिली.

आणि परतीचं दार बंद नसतं. २०१६ पासून ऑलिंपिक व्यावसायिकांनाही खुलं आहे. बॉक्सर विकास कृष्ण अमेरिकेत व्यावसायिक लढती खेळून परतला आणि टोकियोसाठी पात्र ठरला.

तालीमवाला_बीड:
विकासकडं आधीच आशियाई सुवर्ण होतं. ज्याच्याकडं काही नाही त्याला परत कोण घेणार?

डॉक्टर_नांदेड:
गोदाकाठ, तुमच्या एका वाक्यावर मला फार गंभीर हरकत आहे. "गुणांवर हरला, शेवटपर्यंत उभा राहिला" हे तुम्ही अभिमानानं लिहिलंत. मेंदूच्या दृष्टीनं तीच काळजीची गोष्ट आहे. पहिल्याच फेरीत लढत थांबते त्याला एखाददुसरा जोराचा ठोसा बसतो. पूर्ण फेऱ्या खेळणारा डोक्यावर पुन्हापुन्हा घेत राहतो. सरावातल्या स्पॅरिंगचे तर कुठल्याच रेकॉर्डमध्ये येत नाहीत. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड यांनी बॉक्सरांमधल्या या आजाराचं वर्णन केलं: अडखळती चाल, जड जीभ, मंदावलेली बुद्धी. हे लढती संपल्यावर कित्येक वर्षांनी दिसू लागतं. शिवाय ऐनवेळी पाणी तोडून वजन उतरवलेल्या शरीरानं ठोसे खाणं आणखी धोक्याचं.

हेडगार्डचा, म्हणजे डोक्यावरच्या गादीदार टोपाचा, मुद्दा कुणी काढण्याआधी सांगते, त्यानं कातडी फाटण्यापासून बचाव होतो. कवटीच्या आत मेंदू हादरतो तो हादरतोच. हौशी पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांतून ते २०१३ पासून काढलेलंच आहे. फरक फेऱ्यांचा आहे. हौशीत तीन, व्यावसायिकमध्ये चारपासून बारापर्यंत, तेही हलक्या ग्लव्हजनी. तुमच्या बकलीच्या ३०० लढती वाचून मला कौतुक नाही, धडकी भरली.

गोदाकाठ (परभणी):
डॉक्टर, तुमचं म्हणणं शंभर टक्के ऐकतोय. बकली इतकी वर्षं टिकला तो ठोसे चुकवण्याच्या कलेवर. हात तोंडासमोर घट्ट धरायचे, मागं सरकायचं, क्लिंच करायचं म्हणजे समोरच्याला मिठी मारून अडकवायचं, वेळ काढायचा. आपला मुलगाही बचावात चांगला आहे. पण हे सगळ्यांना जमत नाही, आणि बाहेरगावाहून लढायला बोलावलेल्या पोराची तपासणी नीट होते का हे विचारणारं कुणी नसतं, हे खरं. त्यासाठी भांडायचं तर भांडू. नॉकआउट झाला की सक्तीची विश्रांती, ठरावीक काळानं एमआरआय, रिंगशेजारी रुग्णवाहिका. ती मागणी प्रमोटरकडं जायला हवी. ग्रुपवर त्या पोराची लाज काढून त्याचा मेंदू वाचत नाही. उलट "एकदा जिंकून दाखवतो" म्हणत तो आणखी वाईट करारावर सही करेल. मला भीती त्याचीच आहे.

सेलूची_मावशी:
म्या बॉक्सिंग कधी बघितलं नाही. पण तुम्ही सगळे रेकॉर्डवर बोलायलेत. लेकराला मार लागला तर दवाखान्याचा खर्च कोण करतंय? करारात लिव्हलंय का? तेवढं सांगा कुणीतरी.

रिंगसाईड_संभाजीनगर:
मावशी, प्रत्येक करारात वेगळं असतं. मी पाहिलेल्या एका करारात लढतीच्या रात्रीपुरता विमा होता. सरावातली दुखापत खेळाडूच्या अंगावर. आणि पोरं सही करतात तेव्हा कागद इंग्रजीत असतो, वाचायला कुणी नसतं. मराठीत समजावून सांगणारा एखादा वकील मिळाला तरी अर्धी फसवणूक थांबेल.

डॉक्टर_नांदेड:
त्याला माझ्याकडं पाठवा. तपासणीचे पैसे घेणार नाही. पुढची लढत घेण्याआधी यायला सांगा, नंतर नको.

तालीमवाला_बीड:
माझं मत बदललेलं नाही. माझ्या हाताखालचं पोरगं आधी भरतीच्या मैदानावरच उभं राहील आणि पगार सुरू झाल्याशिवाय मी त्याला व्यावसायिक करारावर सही करू देणार नाही. पण "मातीत घातलं" हा शब्द चुकीचा आहे. तो ज्यानं लिहिला तो माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याशी मी बोलतो.

गोदाकाठ (परभणी):
बोला. आणि डॉक्टर, त्याचा नंबर तुम्हाला खासगीत पाठवतो. त्याला विचारूनच.