क्लास पक्के हवेत की मोकळे? ऑनलाइन आरपीजीच्या क्लास सिस्टिमवर चर्चा

वारज्याचा_वॉरियर (धागाकर्ता)

आमच्या गिल्डमधले (गेममधल्या संघातले) पुण्याचे लोक सध्या नवा ऑनलाइन आरपीजी (एक भूमिका घेऊन खेळायचा गेम) शोधतायत. निम्म्या जणांची एकच अट आहे: एकाच कॅरेक्टरला सगळं करता आलं पाहिजे. मला ही अट पटत नाही. का पटत नाही ते मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

नवीन गेम हातात आला की कोणत्या क्लासला, म्हणजे कॅरेक्टरच्या ठरलेल्या पेशाला, काय येत नाही हे मी आधी बघतो. १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा गेम आला तेव्हा तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. जादूगाराला चिलखत नाही, लढवय्याला जादू नाही आणि जखमा भरायला क्लेरिकच लागणार. प्रत्येकात काहीतरी उणं होतं, म्हणूनच तिघे एकत्र निघायचे.

२००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने नऊ क्लास दिले आणि हीच गोष्ट चाळीस जणांच्या रेडपर्यंत (एकत्र मिळून करायच्या मोठ्या मोहिमेपर्यंत) नेली. मोल्टन कोअर या रेडमध्ये मॅगमाडार हा बॉस (मोठा शत्रू) पिसाळला की त्याला शांत करायचा ट्रँक्विलायझिंग शॉट फक्त हंटर (शिकारी) क्लासकडे. आन'किराज या रेडमध्ये जुळ्या सम्राटांपैकी जादू करणाऱ्याला वॉरलॉक (काळी जादू करणारा क्लास) सांभाळायचा, कारण त्याच्यासमोर वॉरियर टिकत नसे. पुढे २००७ मध्ये मौलगार या बॉसच्या फाइटमध्ये चक्क मेज (जादूगार) टँक, म्हणजे शत्रूचे फटके स्वतःवर घेणारा, व्हायचा. एरवी मागे उभा राहून फायरबॉल टाकणारा गडी एका रात्रीपुरता सगळ्या रेडचा आधार होतो! असे प्रसंग लोक वर्षानुवर्षं सांगतात.

२००८ नंतर वॉरक्राफ्टचं धोरण बदललं. चांगला खेळाडू आणा, त्याचा क्लास कुठलाही असो. ऐकायला छान वाटतं. पण मग एकाची खासियत दुसऱ्यालाही द्यावी लागते. ब्लडलस्ट (सगळ्या रेडचा वेग वाढवणारा मंत्र) फक्त शमन क्लासकडे असायचं, २०१० मध्ये मेजला तसंच टाइम वार्प मिळालं आणि शमनला रेडमध्ये घ्यायचं एक ठोस कारण संपलं. सगळ्यांना सगळं दिलं की क्लास म्हणजे नुसता कपड्यांचा रंग उरतो.

हिंजवडी_नाइटशिफ्ट

वॉरियरभाऊ, मुद्दा समजला, पण पुण्यात बसून खेळणाऱ्याच्या घड्याळाकडे बघ. युरोपच्या सर्व्हरवर हिवाळ्यात संध्याकाळी आठची रेड म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. सकाळी नऊला स्टँडअप मीटिंग. अशा वेळी ऑनलाइन येणारे मोजके लोक असतात आणि त्यात पाच जणांच्या डंजनला (लहान मोहिमेला) टँक नसला तर बाकीचे चौघे तासभर शहरात उभे. तुझ्या त्या हंटरला ताप आला की चाळीस जणांची रात्र फुकट. ती खासियत झाली की ओझं?

फायनल फॅन्टसी चौदाने यावर मला पटलेलं उत्तर काढलंय. २०१० ची पहिली आवृत्ती फसली, २०१३ मध्ये गेम नव्याने आला. त्यात एकच कॅरेक्टर सगळे जॉब (तिथले क्लास) शिकू शकतं. हातातलं हत्यार बदललं की जॉब बदलला. पण प्रत्येक जॉबची लेव्हल वेगळी वाढवावी लागते, फुकट काही मिळत नाही. आणि एकदा डंजनमध्ये शिरलास की आत जॉब बदलता येत नाही. चार जणांत एक टँक, एक हीलर (जखमा भरणारा), दोन डीपीएस (मारा करणारे). म्हणजे तुला हवी ती परस्परांची गरज लढाईत पूर्ण शाबूत आहे. मोकळीक फक्त लढाईच्या आधी.

शिवाय जपानच्या सर्व्हरवर रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेचार. शनिवार-रविवारी जेवून, एक झोप काढून आरामात खेळता येतं.

वारज्याचा_वॉरियर

वेळेचा मुद्दा खरा आहे, पण ती अडचण सर्व्हर कुठे आहे याची आहे. त्यावर औषध म्हणून क्लासच पातळ करायचे का? आणि जॉब हवा तेव्हा बदलता आला की 'मी वॉरियर आहे' असं कुणी म्हणत नाही, 'आज टँक घेऊन येतो' म्हणतात. मला तो पहिला माणूस हवाय.

पर्वती_पायथा

तुम्ही दोघंही क्लास हवाच असं धरून चालला आहात. का हवा? अल्टिमा ऑनलाइन १९९७ चा गेम, त्यात क्लास नव्हतेच. एकूण ७०० गुणांची मर्यादा, आणि ते गुण कोणत्या कौशल्यात घालायचे हे तुम्ही ठरवा. लोहारकाम करणारा तलवारबाज बना, नाहीतर जनावरं माणसाळवणारा गवई. जे करत राहाल ते वाढतं. ईव्ह ऑनलाइनमध्येही २००३ पासून क्लास नाही. कौशल्यं खऱ्या वेळेत शिकायची आणि जे जहाज चालवता येतं तीच तुमची ओळख.

कॅरेक्टर बनवण्याच्या पडद्यावर, गेमचं एक पाऊलही न टाकता, माणसाने पुढची तीन वर्षं कोण असायचं ते ठरवायचं? याला मी चांगलं डिझाइन म्हणणार नाही. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स विचारतात तसंच झालं हे.

औंध_आर्चर

पर्वतीकर, त्याच अल्टिमामध्ये टँक मेज नावाचा प्रकार सगळीकडे बोकाळला होता, ते का लिहिलं नाहीत? हातात भाला-कुऱ्हाड आणि वर पूर्ण जादू. सातशे गुणांची मुभा दिली आणि द्वंद्वाला उतरणारे बहुतेक त्याच दोन-तीन ठरलेल्या मिश्रणांवर आले. मुभा जितकी मोठी तितके लोक एकाच वाटेने जातात, कारण चुकीची किंमतही तितकीच मोठी. पाथ ऑफ एक्झाइल बघा. सात क्लासना मिळून एकच पॅसिव्ह ट्री (कायमच्या क्षमतांचं झाड), तेराशेच्या वर नोड (निवडीचे टप्पे). नवा माणूस ते झाड उघडतो, घाबरतो आणि कुणाचा तरी बिल्ड (निवडींचा संच) जसाच्या तसा उतरवतो. यात निवड त्याची कुठे झाली?

पक्का क्लास नवख्याला निदान सुरुवात देतो. हंटर घेतलास? हे धनुष्य, हा प्राणी, लाग कामाला.

पर्वती_पायथा

मेटा (सगळे उचलतात तो सरस ठरलेला मार्ग) क्लासवाल्या गेममध्येही असतोच की. तिथे अमुक क्लासला रेडमध्ये घेतच नाहीत. माझ्या कौशल्याच्या गेममध्ये मी गुण हळूहळू दुसरीकडे वळवतो, तुमच्याकडे पहिल्यापासून नवं कॅरेक्टर वाढवा.

बिबवेवाडीची_प्रीस्ट

इतका वेळ सगळे टँक आणि डीपीएसबद्दल बोलताय. मी बरीच वर्षं हीलर खेळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका जुन्या गिल्डमध्ये व्हॉइस चॅटवर माझा आवाज ऐकला आणि न विचारता मला हीलर ठरवलं. वर लढाई हरलो की 'हीलर झोपली होती', जिंकलो की टँकचं कौतुक. यात माणसांचा दोष आहेच, पण डिझाइनचाही आहे. जिथे हीलरचं काम म्हणजे खाली गेलेली जीवाची हिरवी पट्टी पुन्हा भरणं एवढंच असतं, तिथे लोक त्या क्लासला नोकर समजतात.

जुन्या वॉरक्राफ्टमध्ये एक सुंदर नियम होता. माना (मंत्रांसाठी लागणारी शक्ती) खर्च करणारा मंत्र टाकला की पुढचे पाच सेकंद स्पिरिट या गुणामुळे भरणारा माना थांबायचा. म्हणजे कधी हील करायचं याइतकंच कधी हात आवरायचा हेही शिकावं लागे. टँकचा जीव अर्ध्यावर आलाय, आख्खी रेड ओरडतेय आणि मी अजून दोन सेकंद थांबणार आहे, कारण पुढचा मोठा फटका मला माहीत आहे. हा निर्णय माझा आणि फक्त माझा. पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) कायम शंभर मिलिसेकंदांच्या वर असताना तर अंदाज बांधणं हेच माझं कसब. युरोपातला खेळाडू बघून हील करतो, मला ओळखून करावं लागतं.

म्हणून माझी कसोटी वेगळी आहे: प्रत्येक क्लासकडे स्वतःचा एक अवघड निर्णय आहे का? क्लास पक्का की मोकळा हा प्रश्न त्यानंतरचा. २०२३ मध्ये वॉरक्राफ्टने इव्होकर क्लासला ऑगमेंटेशन स्पेक (क्लासचा उपप्रकार) दिला. तो दुसऱ्यांचा मारा वाढवतो, त्यामुळे त्याची कामगिरी दुसऱ्यांच्या आकड्यांत मिसळते. पाठबळ देणाऱ्याचं श्रेय कसं मोजायचं हे कोडं तिथेही सहज सुटलं नाही. पण निदान कुणीतरी ते हातात घेतलं.

औंध_आर्चर

प्रीस्टताई, पूर्ण सहमत. पाच सेकंदांच्या नियमाबद्दल असा विचार केला नव्हता.

कोपरारक्षक_कोथरूड

कबड्डीत सात जण मैदानात असतात. चढाईपटू वेगळे, कोपरारक्षक वेगळे, मधले वेगळे. पण समोरच्याची चढाई आली की आपला चढाईपटूसुद्धा साखळीत उभा राहतो. 'माझं काम चढाईचं' म्हणून त्याला बाजूला बसता येत नाही. वॉरियरभाऊ, क्लासला उणीव हवी हे मान्य, पण उणीव म्हणजे शून्य नको. मुख्य काम एकाचं, पण अडचणीत प्रत्येकाला थोडं काहीतरी करता यायला हवं.

गिल्ड वॉर्स २ ने हे २०१२ मध्ये करून बघितलं. प्रत्येक क्लासला स्वतःचं हील दिलं आणि पडलेल्या साथीदाराला कुणीही उठवू शकायचं.

वारज्याचा_वॉरियर

आणि पुढे काय झालं तेही सांग ना. हीलरची गरजच नाही म्हटल्यावर डंजनमध्ये सगळे बर्सर्कर गिअर (मारा वाढवणारं सामान) घालून एका कोपऱ्यात गोळा व्हायचे आणि बॉस वितळवायचे. २०१५ मध्ये रेड आणल्या तेव्हा त्यांनाच पुन्हा हीलर आणि टँकची जागा तयार करावी लागली. साखळीत उभं राहणं मला चालेल. पण सातही जण चढाईपटू झाले तर कोपरा कोण धरणार?

रास्ता_पेठ_मर्चंट

क्लास म्हणजे फक्त मारामारी, हे तुम्ही कधी ठरवलंत? रॅग्नरॉक ऑनलाइनचा भारतासाठी वेगळा सर्व्हर होता तेव्हा मी मर्चंट खेळायचो. दुकान लावणं फक्त त्यालाच जमायचं, मागे हातगाडी, आणि गेममधल्या दुकानदारांशी व्यवहार करताना पूर्ण शिकलेला मर्चंट २४ टक्के स्वस्त घ्यायचा, २४ टक्के महाग विकायचा. प्रॉन्टेरा शहराच्या रस्त्यावर आमच्या दुकानांची रांग हाच गेमचा बाजार.

स्टार वॉर्स गॅलक्सीजमध्ये २००३ ला तर नर्तक आणि वादक हे पेशे होते. लढून थकलेले खेळाडू त्यांच्यासमोर येऊन बसायचे, कारण मनावरचा ताण त्यांच्याशिवाय उतरायचा नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने तीसहून जास्त पेशे मोडून नऊ ठरीव क्लास केले. लोकांचा संताप झाला, कितीतरी जण सोडून गेले, २०११ च्या डिसेंबरात गेम बंद पडला. बंद पडायला आणखीही कारणं असतील, पण कुणीतरी वर्षभर नाचून कमावलेली ओळख एका अपडेटमध्ये पुसायची नसते.

हिंजवडी_नाइटशिफ्ट

मर्चंटदादा, पण मग रॅग्नरॉकमध्ये दुकान लावायला जो तो मर्चंटचं दुसरं कॅरेक्टर बनवायचा ना? म्हणजे लोकांनी पक्के क्लास ऑल्ट बनवून मोकळे केलेच. फायनल फॅन्टसीने तेच एका कॅरेक्टरमध्ये आणलं, लोहार आणि कोळी धरून. पळवाट काढायला लावण्यापेक्षा हे बरं.

वारज्याचा_वॉरियर

ऑल्टला नाव वेगळं, चेहरा वेगळा, मेहनत वेगळी. ती पळवाट मला मान्य आहे, कारण तिथेही 'हा मर्चंट' ही ओळख शाबूत राहते. प्रीस्टताईंची कसोटी मात्र मी गिल्डच्या यादीत सगळ्यात वर घालतोय. ज्या गेममध्ये हीलरला स्वतःचा निर्णय नाही तो आपल्या यादीतून बाद. त्यानंतर पक्के की मोकळे यावर मत घेऊ, आणि माझं मत पक्क्यालाच.

बिबवेवाडीची_प्रीस्ट

चालेल. पण मतदानाआधी ज्या गेमचा मोफत ट्रायल आहे तो प्रत्येकाने एक आठवडा हीलर म्हणून खेळायचा. टँकवाल्यांनी आधी.